लाकूड दबत नाही

१२ नोव्हेंबर १९७८

फळी जळाली! कोरायला घेतली आणि कटरखालून धूर. सगळी सपरी, म्हणजे आमची पडवी, धुराने भरली. पलीकडून मैनाबाईंनी विचारलं, काय जळून राहिलं वं? म्हटलं, दूध उतू गेलं. सागाच्या धुराला दुधाचा वास कुठून येणार!

हे म्हणतात मोटर कमजोर आहे. बिलकुल नाही! मी समोर उभी राहून पाहत होते. कटर बोथट आणि त्याचा गाडा हळू. एकाच जागी घासत बसल्यावर जळेल नाही तर काय होईल? उद्या नवा कटर लावा म्हटलं. ‘पाहू’ म्हणाले. ‘पाहू’ म्हणजे मी म्हणते ते बरोबर आहे, पण आज कबूल करायचं नाही.

इथे कोणी वाचत नाही, म्हणून नाव लिहून टाकते — गिरिधर. माझा नवरा. टेलिफोनच्या ऑफिसात मेकॅनिक. ह्यांना घरांवरच्या नावाच्या पाट्या कोरायचं यंत्र करायचं होतं, छंद म्हणून. वर्षभर नुसते मोटरीशी खेळत बसले. डोकं शेवटी माझंच चाललं. मागाला फूल कोण सांगतं? जाकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे सांगतात. मग कटरलाही पुठ्ठेच सांगतील!

उमरेडला बाबांचा माग होता. बळीरामला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, घरात जागा पाहिजे होती, त्याने तो मोडला. मागावरची जाकार्डची पेटी मात्र मी फेकू दिली नाही. ह्यांनी ती एसटीच्या टपावर टाकून सक्करदऱ्याला, आमच्या घरी आणली. आता एक पुठ्ठा म्हणजे फुलाची एक ओळ. भोक आलं की भंगारातला रिले, म्हणजे विजेची कळ, टक्‌ करतो आणि कटर खाली येतो. भोक नसेल तर कटर वर. ओळ संपली की फळी एक घर, म्हणजे आखणीचा एक चौकोन, पुढे सरकते आणि दुसरा पुठ्ठा येतो. दिवसभर टक्‌ टक्‌ टक्‌. मी त्याचं नाव टकटक्या ठेवलं.

१३ नोव्हेंबर

नवा कटर. गाडा जलद. धूर नाही. मी सांगितलंच होतं!

१७ नोव्हेंबर

बाबा आज दोनच घास जेवले. ‘भूक नाही’ म्हणाले, तेवढंच काय ते बोलले दिवसभरात.

काचबिंदू. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. दिवाळीनंतर मी त्यांना इकडे घेऊन आले. तेव्हापासून खाटेवर बसतात, तोंड भिंतीकडे. रेडिओ लावला तर ‘बंद कर’. ओटीवर चला म्हटलं तर ‘काहून?’ माग मोडू का, असं बळीरामने विचारलं होतं तेव्हा त्यांनी तोंडातून एकच शब्द काढला — ‘मोड’. चाळीस वर्षांच्या मागाला एक शब्द! मला त्या दिवशी बळीरामचा राग आला होता, पण खरं तर भीती वाटली होती. माणूस असा एका शब्दावर आला की मग काय उरतं?

बाबांची, म्हणजे नत्थूजींची, चाकफूल किनार म्हणजे अख्ख्या उमरेडात दुसऱ्या कोणाला जमली नाही. मधे चाक, भोवती पाकळ्या. ते फूल त्यांच्या हाताखाली परत यायला पाहिजे. डोळे गेले, बोटं तर आहेत ना! सुताराला सांगितलं असतं तर त्याने छान कमळ कोरून दिलं असतं. मला कमळ नको. घर न्‌ घर बाबांच्या फुलाचं पाहिजे, म्हणून हा टकटक्याचा खटाटोप.

जुने पुठ्ठे उंदरांनी खाल्ले. मी गणिताच्या वहीच्या चौकटीच्या कागदावर फूल आठवणीने काढलं आणि पुठ्ठे नवे पाडले. लहानपणी बाबा ओळी सांगायचे आणि मी पंचाने भोकं पाडायची, सगळं तोंडपाठ आहे. आज त्यातलाच एक पुठ्ठा बाबांच्या हातात दिला. त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवला.

“एका ओळीत काय समजते वं. अख्खं फूल थोडंच हाय.”

अख्खंच देते, थांबा.

(लिहिताना मला-तुला लिहिते, सातवीपर्यंत बाईंनी छड्या मारून शिकवलं. बोलताना आमचं मले-तुलेच.)

२१ नोव्हेंबर

फूल आलं, पण खड्ड्यात! भोक असेल तिथे कटर खाली, म्हणजे फूलच खणून काढलं आणि आजूबाजूचं लाकूड उंच राहिलं. बोटाला फूल वर लागायला पाहिजे. ह्यांनी रिलेच्या तारा उलट जोडल्या. आता फूल उंच, बाजूचं खाली. हुशार आहेत, सांगत नाही मी.

पण पाकळ्यांची टोकं उडतात. जिथे कटर लाकडाच्या रेषेला आडवा जातो तिथे छिलका निघतो. हे म्हणाले लाकूड खराब, लकडगंजहून दुसरं आणतो. मी म्हटलं, लाकूड चांगलं आहे, तुम्ही एकाच घासात सगळं खायला जाता. आधी थोडं खोल, मग परत तीच ओळ, आणखी थोडं. वेळ लागला, पण टोकं शाबूत!

२६ नोव्हेंबर

आज नवीन तऱ्हा. एक ओळ डावीकडे सरकलेली, दुसरी उजवीकडे, तिसरी परत डावीकडे. पाकळीची कड करवतीसारखी. मी पुठ्ठे तपासले, बरोबर. पट्टा ताणला, काही फरक नाही.

मग ह्यांनी गाडा हाताने मागे-पुढे करून दाखवला. दिशा बदलली की स्क्रू आधी थोडा नुसताच फिरतो, मग गाडा हलतो. म्हणजे जाताना एका जागी कापतो, येताना सरकून कापतो. हे म्हणाले, एकाच बाजूने कापू. येताना कटर उचलून रिकामं यायचं.

रिकामं यायचं! माझा जीवच खाली-वर झाला. कोष्ट्याची पोर आहे मी. मागावर आडवा धागा नेणारा आमचा धोटा जातानाही विणतो आणि येतानाही विणतो. रिकामा धोटा फेकला तर आजी हातावर मारायची. यंत्र मी धोट्यासारखं चालवायला लावलं होतं, तिथेच चुकलं. बरं, एकदा चुकलं. आता कड सरळ येते.

३० नोव्हेंबर

मैनाबाईंच्या रेडिओत खरखर येते म्हणे, टकटक्या चालू असला की. त्यांच्या गाण्यांच्या वेळी बंद ठेवायचं ठरलं. दोन संत्री देऊन गेल्या.

४ डिसेंबर

संध्याकाळी कापलं की मधे मधे घरं सुटतात. सकाळी कापलं तर एकही नाही. पुठ्ठे तेच, कटर तोच! ह्यांनी रिले उघडून साफ केले, तारा बदलल्या, चिडचिड करून चहा नको म्हणाले.

मी नुसती बसून पाहत राहिले, आणि दिसलं. डोक्यावरचा बल्ब मंद झाला, त्याच वेळी रिले टक्‌ झाला पण कटर उचललाच नाही. समोरची पिठाची गिरणी! गिरणी सुरू झाली की गल्लीची वीज ओढून घेते आणि आमच्या टकटक्यात ताकद राहत नाही.

म्हटलं, रिले बंद करा, डोळे उघडा. दुपारी गिरणी बंद असते, दुपारी कापू. हे हसले. चहाही घेतला.

९ डिसेंबर

जळत नाही. छिलका नाही. कड सरळ. घरं सुटत नाहीत. आणि फूल — अंडं!

खरंच अंडं. चाक गोल पाहिजे, ते उभं लांबट. पाकळ्या वर-खाली ताणलेल्या, कडेच्या आखूड. पुन्हा कापलं, पुन्हा अंडं. तिसऱ्यांदाही तसंच.

हे शांतपणे म्हणाले, “पुठ्ठे चुकून राहिले तुह्ये.”

माझे पुठ्ठे! फ्रॉकात होते तेव्हापासून पुठ्ठे पाडते मी. बाबांनी माझ्या हातचे पुठ्ठे कधी परत तपासले नाहीत. मी सांगितलं, दोष तुमच्या सरकत्या फळीत आहे, ती एका ओळीला जास्त सरकते. ते म्हणाले, मोजून दाखवतो. मी म्हटलं, मोजा! त्यांनी मोजलं. एक घर आडवं जितकं, उभं तितकंच. मी म्हटलं, तुमची पट्टी चुकीची. हे मी रागात म्हटलं.

१० डिसेंबर

बोलणं बंद. भाजीत मीठ मुद्दाम कमी टाकलं नाही, पण पडलं कमी.

१२ डिसेंबर

ह्यांनी स्वतः पुठ्ठे पाडले. वेडेवाकडे, पण पाडले. फूल नाही, नुसता चौकोन, जितकी घरं आडवी तितकीच उभी. कापला. अगदी चौरस! मापायचीही गरज नाही.

म्हणजे यंत्र बरोबर.

आणि माझे पुठ्ठे बरोबर. हे मी लिहून ठेवते. दोन्ही बरोबर असून अंडं कसं येतं ते देवच जाणे. पण मी शोधीन.

१५ डिसेंबर

हसून हसून पोट दुखलं. ह्यांना वाटलं रडते आहे, धावत आले.

आज पेटीतून माझं लग्नातलं लुगडं काढलं, बाबांनी विणलेलं. किनारीवर चाकफूल, गोल. कागद त्याच्या शेजारी ठेवला. कागदावर अंडं! कागदावरच! पहिल्यापासून समोर होतं आणि माझ्या डोळ्याला खटकलंच नाही, कारण मी जन्मभर कागदावर ते तसंच पाहत आले.

बाबांचं वाक्य — ‘फूल उभट काढ पोरी, ठोका बसला का गोल होते.’ मागावर प्रत्येक ओळीला फणीचा ठोका बसतो, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा दबून आधीच्या धाग्याला चिकटतो. त्यामुळे उभं माप आपोआप कमी होतं. म्हणून कागदावर फूल उभटच काढायचं. आमच्या घरात शेंबडं पोरही हे जाणतं. मी तसंच काढलं. पण लाकडाला कोण ठोका देणार? लाकूड दबत नाही!

ह्यांना सांगितलं — यंत्र बरोबर, पुठ्ठे बरोबर, लाकूडच चुकीचं. ते म्हणाले, मग लाकडाले समजावून सांग. सहा दिवसांनी दोघं एका ताटात जेवलो.

१८ डिसेंबर

पुठ्ठे बदलायची गरज नाही. ह्यांनी फळी सरकवणारी गरारी, म्हणजे दात्यांचं चाक, बदलली. आता एका ओळीला फळी कमी सरकते. कापड दबतं तशाच ओळी जवळ जवळ येतात.

फूल भाकरीसारखं गोल! ओळी एकमेकींवर चढल्या म्हणून पाकळीच्या कडेला घरागणिक पडणाऱ्या बारीक पायऱ्याही गेल्या. उरलेल्या मी पॉलिश पेपरने घासल्या. वरून जवसाचं तेल. सागाला असा रंग चढला की मैनाबाई म्हणाल्या, देवघरात लावा. ह्यांनी शर्ट बदलून फळीशेजारी उभं राहून पाहिलं, जसा काही फोटो निघणार आहे!

कामात चुका येतात. एक एक पकडायची आणि काढायची. एकही राहिली नाही. रविवारी बाबांना देते.

२४ डिसेंबर

दिली.

आंघोळ घालून, धुतलेलं धोतर नेसवून खाटेवर बसवलं. मांडीवर फळी ठेवली. काही सांगितलं नाही, त्यांनीच ओळखावं म्हणून. हे दाराशी उभे, मी खाली बसलेली.

बाबांनी तळहात फिरवला. एकदा, दोनदा.

“गुळगुळीत हाय. पाट हाय का वं, बसाले?”

मी म्हटलं, बाबा नीट पाहा. त्यांनी परत हात फिरवला. ‘फूल हाय काहीतरी’ म्हणाले. ‘चांगलं हाय. कोनं केलं?’ आणि फळी माझ्याकडे देऊन भिंतीकडे वळले.

मी मोरीत जाऊन रडले. खूप रडले. त्यांना त्यांचं फूल कळलं नाही म्हणून नाही फक्त. मला वाटलं, ते फूल आता त्यांच्या आतही राहिलं नाही. मग मी कोणाला परत आणायला निघाले होते?

हे बाहेरून म्हणाले, “कौसल्या, ये बाहेर.” नावाने हाक मारली. कधी मारत नाहीत.

२७ डिसेंबर

टकटक्यावर चादर टाकली. मैनाबाईंनी विचारलं, आता आवाज नाही येत? म्हटलं, झालं काम.

३१ डिसेंबर

बिघडलेल्या फळ्या आवरल्या. जळकी चुलीत घातली. अंडं आलेल्या तीन फळ्यांपैकी एक बंबाखाली गेली, एकीवर ह्यांनी खिळ्यांचे डबे ठेवले. तिसरी बाबांच्या खाटेजवळच्या माठावर झाकण म्हणून ठेवली, जुनं झाकण फुटलं होतं. घासलेली नाही, तेल नाही, कडा खरखरीत. माठाला काय फरक पडतो!

४ जानेवारी १९७९

आजचं सगळं लिहून ठेवते.

दुपारी भांडी घासत होते. बाबा कोणाशी तरी बोलत आहेत असं वाटलं. घरात कोणी नव्हतं. जाऊन पाहिलं तर माठावरची फळी त्यांनी मांडीवर घेतली होती. तळहात नाही, अंगठ्याचं नख. नखाने एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जात होते, हळू, आणि ओठ हलत होते.

“दोन सोड, पाच उचल, एक सोड, पाच उचल…”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले, ओल्या हातांनी. लहानपणी ओळी सांगायचे तोच सूर! ‘उचल’ म्हणजे भोक, ‘सोड’ म्हणजे कोरं. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, मग परत वर आले आणि एका जागी थांबले.

“कौसल्ये, हे चाकाच्या वरच्या ओळीत एक घर जास्त उचललं तू.”

मी आले आहे हे त्यांना कसं कळलं कोणास ठाऊक. जाऊन पुठ्ठा काढला, कागद काढला, मोजलं. एक घर जास्त! माझं! लाज वाटली नाही, आनंद झाला. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग विचारलं, “बाबा, त्या दिवशी काहून नाही ओळखलं? तेच फूल होतं.”

“ते गोल होतं वं. माह्यं फूल गोल कवा होतं?”

मी म्हटलं, कापडावर तर गोलच दिसतं ना. माझ्या लुगड्यावर आहे.

“कापड गिऱ्हाइकानं पायलं. मागावर उलटी बाजू वर राह्यते, इनलं का गुंडाळलं. मी कागद पायला, जलमभर. घरं मोजली. त्या गुळगुळीत फळीत घरंच नोयती, मोजू काय?”

पायऱ्या मी घासल्या होत्या. उभटपणा मीच काढायला लावला होता. ज्याला ज्याला मी चूक म्हटलं ते सगळं बाबांचं होतं, आणि ते सगळं काढून मी त्यांना पाट दिला!

संध्याकाळी भाकरी दीड खाल्ली. पिठलं परत मागितलं.

६ जानेवारी

सकाळी चहाचा कप खाली ठेवून बाबा म्हणाले, “पंच आन्‌ हातोडी आन. नवं फूल सुचून राह्यलं. सोड-उचल मी सांगतो, भोकंही मीच पाडतो. तू फक्त पुठ्ठे सरळ धर.”

टकटक्यावरची चादर काढली. हे ऑफिसला निघाले होते, त्यांना दारातच थांबवलं — जुनी गरारी परत लावा आधी.